हवा भरली की मॅट आटते: नवख्या ट्रेकरसाठी मापाचा हिशोब

डिसेंबरातली रात्र, राजमाचीवरची उधेवाडी, ओळखीच्या घराची सारवलेली ओसरी. जेवणं झाल्यावर मी मोठ्या दिमाखात सॅकमधून नवी हवेची मॅट काढली. तोवर आमचा सगळा ग्रुप फोमच्या कॅरीमॅटवर झोपणारा, त्यामुळे भोवती बघ्यांची गर्दी जमली. पंधरा-वीस फुंकांत मॅट फुगून टुम्म झाली. खोक्यावर रुंदी छापली होती ५८ सेंटिमीटर. आडवी झाले तर पाठ मॅटवर आणि दोन्ही कोपरं ओसरीवर. हात पोटावर घेतले तर झोपेत सुटायचे, कुशीवर वळले तर गुडघा बाहेर. लोकलच्या बाकावर चौथी सीट मिळालेला माणूस जसा अर्धा टेकलेला आणि अर्धा लटकलेला असतो, तशी मी सकाळपर्यंत होते.

घरी येऊन मॅट पुन्हा फुगवली, टेप लावली. साडेएक्कावन्न! दुकानात फोन केला तर तिथला मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, माप हवा काढून घ्यायचं असतं." मग झोपायचंही हवा काढूनच का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

पण तो खोटं बोलत नव्हता. ही सगळी गंमत त्याच्या त्या वाक्यातच आहे. खोक्यावर तीन आकडे छापलेले असतात: लांबी, रुंदी, जाडी. त्यातले पहिले दोन बऱ्याचदा रिकाम्या, जमिनीवर सपाट पसरलेल्या मॅटचे असतात. तिसरा मात्र पूर्ण फुगवलेल्या मॅटचा, कारण रिकाम्या मॅटची जाडी छापून कोण विकणार? म्हणजे हे तिन्ही आकडे एकाच वेळी एकाच मॅटवर मिळतच नाहीत. ५८ सेंमी रुंदी हवी तर हवा काढा, जाडी हवी तर रुंदी सोडा.

पहिली मॅट घेणाऱ्याने पैसे देण्याआधी काय काय करावं, ते आता सांगते. त्याआधी कारण समजून घ्या, म्हणजे दुकानात कुणी तुम्हाला गुंडाळणार नाही.

मॅट आटते म्हणजे काय

लालबागला माझी मावशी ब्लाउज शिवायची. मंगळदास मार्केटमधून आणलेलं कोरं सुती कापड ती कधीच लगेच बेतत नसे. आधी बादलीत भिजवायचं, वाळवायचं, आटू द्यायचं आणि मगच कात्री लावायची. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात ब्लाउज तंग. हवेची मॅटही अशीच आटते, फक्त पाण्याऐवजी हवेने.

घरच्या घरी बघायचं असेल तर दुधाची पिशवी घ्या. रिकामी पिशवी धुऊन, पुसून ओट्यावर सपाट पसरा आणि पट्टीने रुंदी मोजा. मग फ्रिजमधली तेवढीच भरलेली पिशवी शेजारी आडवी ठेवून तिची मोजा. पट्टी फुगवट्यावरून वळवायची नाही, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ धरायची. भरलेली पिशवी अरुंद भरेल. प्लास्टिक तेवढंच आहे, पण वर-खाली फुगायला जे लागतं ते दोन्ही कडांकडून आत ओढलं जातं.

किती ओढलं जातं, त्याचा हिशोब शाळेतल्या वर्तुळाचा आहे. मॅटमधली एक नळी, म्हणजे हवा भरायचा एक लांबट कप्पा, सपाट असताना १० सेंमी रुंद असेल, तर वरचा आणि खालचा थर मिळून तिचा घेर झाला २० सेंमी. ती पूर्ण गोल फुगली तर व्यास २० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ६.४ सेंमी. दहाचे सहा-साडेसहा! पोहण्याच्या तलावात तरंगायच्या साध्या हवेच्या गाद्या जवळजवळ इतक्या आटतात. ट्रेकिंगच्या बऱ्या मॅटमध्ये बहुधा इतकं होत नाही. तिच्यात नळ्यांच्या मध्ये उभे पडदे असतात किंवा नळ्या पूर्ण गोल होणार नाहीत अशी जोडणी असते. तरी थोडंफार आटणं अटळ आहे. चांगला उत्पादक ते गृहीत धरून कापड मोठं कापतो, किंवा फुगवल्यानंतरचं माप छापतो. बाकीचे छापतात ते कापडाचं माप.

कोणती मॅट कुठून आटेल, हे नळ्यांच्या दिशेवरून ओळखता येतं, आणि त्यासाठी टेपही लागत नाही. नळ्या डोक्यापासून पायापर्यंत उभ्या असतील तर मार बसतो रुंदीला. डावीकडून उजवीकडे आडव्या असतील तर लांबीला. कापसाच्या गादीला घालतात तसे ठिकठिकाणी टाके दिसत असतील (खरं तर ते उष्णतेने चिकटवलेले ठिपके असतात), तर दोन्हीकडून थोडी थोडी आत येते. आपोआप फुगणाऱ्या मॅटमध्ये, जिला दुकानात 'सेल्फ-इन्फ्लेटिंग' म्हणतात, आत फोम असतो आणि तो वरच्या-खालच्या कापडाला चिकटवलेला असतो. तिथे कापडाला फुगायला वावच नसतो, म्हणून ती सगळ्यात कमी आटते. माझी राजमाचीवाली उभ्या नळ्यांची होती. माझ्यासारखी पाठीवर हात पसरून झोपणारी बाई, आणि मॅट नेमकी रुंदीला आटणारी!

आधी स्वतःला मोजा

मॅट बघायला जाण्याआधी हॉलमधल्या लादीवर आडवे व्हा. नेहमी जसे झोपता तसे, शाळेच्या कवायतीसारखे ताठ नको. घरच्या कुणाला तरी दोन्ही कोपरांना टेकतील असे दोन डबे ठेवायला सांगा आणि सावकाश उठा. डब्यांमधलं अंतर मोजा. माझी उंची ५ फूट ३ इंच, चण लहान, तरी कोपर ते कोपर ५४ सेंमी भरलं. कुशीवर झोपत असाल तर एक डबा पाठीशी आणि एक वाकवलेल्या गुडघ्याशी. हा आकडा बघून बहुतेकांचे डोळे पांढरे होतात. गुडघा थोडा बाहेर राहिला तरी झोप लागते, पाठ आणि कंबर आत हवी, एवढं लक्षात ठेवून तो आकडा जरा कमी करा.

लांबीसाठी उंचीत निदान १० सेंमी मिळवा. उशी घेतली की डोकं वर सरकतं, आणि झोपेत पावलं पुढे कलतात. उंची ५ फूट ८ इंच, म्हणजे १७३ सेंमी असेल तर १८३ लागले. बाजारातली नेहमीची लांबी ७२ इंच, म्हणजे नेमकी १८३. त्यातली मॅट आडव्या नळ्यांची असून फुगल्यावर १७७ झाली, की टाचा जमिनीवर.

आता या मापांचा अंदाज डोळ्यांना यावा म्हणून लादीकडेच बघा. अलीकडच्या बऱ्याच घरांत दोन बाय दोन फुटांची लादी असते, म्हणजे साधारण ६० सेंमी. ट्रेकिंगच्या मॅटची नेहमीची रुंदी २० इंच, म्हणजे ५१ सेंमी. एका लादीपेक्षाही चांगली चार बोटं कमी! आपल्याकडची साधी 'तीन बाय सहा'ची गादी दीड लादी रुंद असते. म्हणजे फसवणूक बाजूला ठेवली तरी जन्मभर गादीवर झोपलेल्या माणसाला २० इंच अरुंदच वाटणार. त्यातून पाच-सहा सेंमी आटले की काय उरलं? मोठी म्हणून विकतात ती २५ इंचांची, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंमी. लादीपेक्षा जेमतेम मोठी. रुंद खांद्यांच्या किंवा झोपेत लोळणाऱ्या माणसाने पहिल्यापासून हीच बघावी. वजन थोडं वाढेल, वाढू दे.

खोक्यावरचे आकडे वाचायची रीत

खोक्यावर किंवा वेबसाइटवर लांबी-रुंदीच्या शेजारी एखादा शब्द आहे का, ते शोधा. 'इन्फ्लेटेड' म्हणजे फुगवल्यानंतरचं माप. 'फ्लॅट', 'डिफ्लेटेड' किंवा 'ओपन साइज' म्हणजे रिकाम्या मॅटचं. काहीच लिहिलेलं नसेल तर रिकाम्या मॅटचं आहे असं धरून चाला. मी तरी तसंच धरते. चुकले तर फायदा माझाच.

त्या मापात कडेची शिलाईची पट्टीही धरलेली असू शकते. वरचा आणि खालचा थर जिथे एकमेकांना चिकटतो ती चपटी किनार, जिच्यात हवा शिरतच नाही. माझ्या मॅटला ती प्रत्येक बाजूला जवळपास एक सेंटिमीटर होती. साडीचा काठ मोजावा तसा तो मोजलेला, पण काठावर कुणी झोपत नाही.

रुंदीचा आकडा कुठला, हाही प्रश्न आहे. बऱ्याच मॅट खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळत्या असतात, आणि छापलेला आकडा असतो सगळ्यात रुंद जागेचा. ती जागा तुमच्या कोपरांशी येईल याची खात्री नाही. निमुळतेपणाने वजन वाचतं, त्यात फसवणूक नाही, फक्त पायाशी किती उरते ते विचारून घ्या.

जाडीबद्दल जरा जास्त सावध. 'अप टू १० सेंमी' असं लिहिलेलं असतं त्यातला 'अप टू' नीट वाचा. सेलच्या पाटीवर 'अप टू ७० टक्के' असतं, तितकाच त्यावर विश्वास. काही मॅटच्या दोन्ही कडांच्या नळ्या मुद्दाम मोठ्या केलेल्या असतात, झोपेत लोळून खाली जाऊ नये म्हणून. कल्पना चांगली आहे, पण छापलेली जाडी त्या कडेच्या नळीची निघते आणि मधला भाग दोन-अडीच सेंमी खोल. शिवाय जाडी मोजतात ती नळीच्या टोकावर, दोन नळ्यांमधल्या खाचेत कुणी मोजत नाही.

सेल्फ-इन्फ्लेटिंग मॅटचा प्रकार वेगळा. तिच्या जाडीचा आकडा बहुधा खरा असतो, पण गोदामात महिनोन् महिने वळकटी करून पडलेली असते म्हणून आतला फोम दबलेला असतो. नवी आणली की झडप उघडी ठेवून रात्रभर तशीच पसरून ठेवा. पहिल्या तासात अर्धी फुगली म्हणून दुकानदाराला फोन करू नका.

वळकटीचं माप आणि वजन याबद्दल एवढंच: कारखान्यातून जशी घट्ट येते तशी ती तुमच्याकडून पुन्हा वळली जाणार नाही. दुकानातल्या साडीची घडी घरी कधी जमली आहे का? वजनात पिशवी, पंप आणि पंक्चरचं सामान धरलंय का, तेही विचारा.

भारतात विकायच्या पाकिटावर काही गोष्टी छापणं बंधनकारक आहे. लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वैधमापनाच्या २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क, आणि जिथे आकाराला महत्त्व आहे तिथे वस्तूचा आकारसुद्धा. आयात मालावर हे सगळं वेगळ्या चिकटवलेल्या लेबलावर असतं, 'नेट क्वांटिटी १ एन' (म्हणजे एक नग) वगैरे. ते लेबल आणि खोक्यावरचं रंगीत चित्र यांचे आकडे जुळतात का, ते बघा. जुळत नसतील तर मॅट परत ठेवा.

आर-व्हॅल्यू आणि रुंदीचं नातं

हा आकडा नवख्यांना घाबरवतो, म्हणून थोडक्यात. जमिनीची थंडी मॅट किती अडवते, त्याचा हा आकडा. पूर्वी ज्याला जसं वाटेल तसा तो मोजला जायचा. २०१८ साली एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ-३३४० हे मानक आलं. त्यात मॅट एका गरम आणि एका थंड पत्र्याच्या मध्ये ठेवून उष्णता किती झिरपते ते मोजतात, त्यामुळे आता दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करता येते. पण हे मानक फक्त उष्णतेपुरतं आहे. रुंदी कशी मोजायची, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून एकाच खोक्यावर आर-व्हॅल्यू काटेकोर आणि रुंदी ऐसपैस असं दिसू शकतं.

आणि मॅटबाहेर पडलेल्या कोपराला आर-व्हॅल्यू शून्य.

दुकानात गेल्यावर

स्टीलची टेप बरोबर न्या. लोहार चाळीत किंवा नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात तीन मीटरची मिळते. टेपच्या टोकाचा पत्र्याचा हुक थोडा हलतो, तो सैल झालेला नसतो. हुकच्या पत्र्याची जाडी भरून काढायला तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो, हातोडीने ठोकून घट्ट करू नका. (आमच्या घरात हे झालेलं आहे.) शिंप्याची टेप मात्र इथे चालणार नाही. ती फुगवट्यावरून वळत जाते आणि पुन्हा कापडाचंच माप सांगते.

डेमो पीस फुगवून दाखवायला सांगा. तोंडाने फुंकू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पंप मागा. 'फुगवलेली दाखवता येत नाही' असं उत्तर आलं तर निदान परत करायची मुभा आहे का, ते बिलावर लिहून घ्या.

मॅट जमिनीवर ठेवून दोन्ही बाजूंना दोन खोकी उभी टेकवा. हलकेच, दाबून नाही. मॅट उचलून खोक्यांमधलं अंतर मोजलं की ती बाहेरची खरी रुंदी. असंच तीन ठिकाणी करा: खांद्याशी, कमरेशी, पायाशी. लांबीसाठी एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाला खोकं ठेवा.

पण बाहेरची रुंदी म्हणजे झोपायची रुंदी नव्हे. कडेची नळी गोल असते, तिच्या बाहेरच्या उतारावर शरीर टिकत नाही. यासाठी माझी एक घरगुती चाचणी आहे. पाणी भरलेली लिटरची बाटली मॅटच्या लांबीच्या दिशेने आडवी ठेवा आणि हळूहळू कडेकडे सरकवत न्या. जिथून ती गडगडत खाली जाते त्याच्या जरा आत खूण करा. दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमच्या वाट्याला आलेली जागा. राजमाचीवाल्या मॅटवर ती ४५ सेंमी निघाली. ५८ छापलेले, ५१.५ भरलेले, ४५ वापरायचे. दुकानात बाटली गडगडवताना लोक बघतात. बघू देत.

हे सगळं आधी मॅट पूर्ण टुम्म असताना करा, आणि मग थोडी हवा सोडून. कारण कुणीच दगडासारख्या टणक मॅटवर झोपत नाही. हवा सोडली की रुंदी किंचित परत येते आणि जाडी उतरते. म्हणून झोपून बघताना आपल्याला सोसेल इतकीच हवा ठेवा, कुशीवर वळा आणि बरोबर आलेल्याला कमरेखाली, मॅट आणि जमीन यांच्यामध्ये बोटं सरकवायला सांगा. बोटं चेंगरत असतील तर कंबर जमिनीला टेकते आहे. गुडघ्यावर बसून दाबून बघू नका. सगळं वजन एका बिंदूवर आलं की दहा सेंटिमीटरची मॅटही टेकते.

ऑनलाइन घेतली तर पहिली रात्र घरीच

पार्सल आलं की खोकं फाडू नका, कापून उघडा. लेबलाचा फोटो काढा, शक्यतो उघडतानाचा व्हिडिओही. मॅट फुगवा, झडप बंद करा आणि पंख्याखाली हॉलमध्ये रात्रभर ठेवा. त्याच रात्री तिच्यावर झोपा. मुंबईतल्या घरात हॉलमधून मधूनच कुणी ना कुणी पाणी प्यायला जातं, त्यांना आधी सांगून ठेवा.

सकाळी पुन्हा मोजा आणि टेप दिसेल असे फोटो काढा. टेपचे आकडे वाचता आले पाहिजेत, नुसती मॅट आणि पिवळी पट्टी दिसून उपयोग नाही. मॅट थोडी मऊ पडली असेल तर लगेच गळते आहे असं समजू नका. संध्याकाळी भरलेली गरम हवा रात्री थंड झाली की आकसते. ३० अंशांची हवा १० अंशांवर आली तर तिला सुमारे ७ टक्के कमी जागा पुरते. मुंबईत एवढा फरक पडत नाही, पण हिवाळ्यात कळसूबाईखाली बारी गावात अंगणात झोपाल तेव्हा पडेल. तिथे निजण्याआधी चार फुंका आणखी घालायच्या.

परत करताना कारणांच्या यादीत 'आवडली नाही' निवडू नका. 'वर्णनाप्रमाणे नाही' असं काही असेल ते निवडा आणि फोटो जोडा. आणि परत करायची मुदत संपेपर्यंत मॅट ट्रेकला नेऊ नका. मातीचा एक डाग पडला की तुमचा मुद्दा कितीही खरा असला तरी बोलणं डागावर येतं.

कुठे जाणार, त्यावर ठरवा

सह्याद्रीत वर्षातून चार रात्री काढणार असाल तर माझा सल्ला ऐकून निराश व्हाल: आधी फोमची कॅरीमॅट घ्या. ती आटत नाही, तिच्यावर छापलेलं माप आणि टेपवरचं माप बहुधा सारखंच भरतं, कारण फुगायला आत काही नसतंच. पावसाळ्यानंतर डोंगरभर कुसळं असतात, करवंदीचे काटे असतात, आणि हवेच्या मॅटचं त्यांच्याशी जन्माचं वैर. हवेची न्यायचीच असेल तर खाली पातळ कॅरीमॅट टाका. दोघींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, आणि कोपर बाहेर गेलंच तर निदान फोमवर पडतं. माझी आजची सोय हीच आहे.

पवनेच्या काठावर तंबूत राहणार असाल तर मॅटबरोबर तंबूही मोजा. 'दोघांचा' तंबू म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच तंबूंची रुंदी १२० ते १३० सेंमी असते. त्यात २० इंची दोन मॅट मावतात. २५ इंची दोन घातल्या तर १२७ सेंमी, म्हणजे मॅट तंबूच्या भिंतींना टेकणार आणि पहाटेचं दव अंगावर. इथे आटलेली मॅट उलट सोयीची पडते, हा विनोद मला एका मित्राने ऐकवला होता. मला तो फारसा आवडला नाही.

हिमालयात बर्फाजवळ जाणार असाल तर मात्र रुंदीत तडजोड करू नका. तिथे बाहेर गेलेला हात नुसता अवघडत नाही, गारठतो, आणि झोपमोड होते. संस्थेबरोबर जात असाल तर मॅट त्यांची असेल, ती किती रुंद आहे ते निघण्याआधी विचारा.

आकडा खोटा निघाला तर

पहिल्यांदा विक्रेत्याला लेखी कळवा, फोनवर नको. छापलेलं माप, तुम्ही मोजलेलं माप, कसं मोजलं ते एका ओळीत, आणि फोटो. रागाची विशेषणं वगळा, आकडे पुरेसे आहेत. एक-दोन सेंमीच्या फरकासाठी मी भांडणार नाही. शिवलेल्या-चिकटवलेल्या वस्तूत तेवढं व्हायचंच. पाच-सहा सेंमी म्हणजे सरळ लहान मापाची वस्तू मोठ्याच्या नावाने विकणं.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून मोडते. त्याच कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता गुरगावचा असो की बंगळूरूचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. मॅटच्या किमतीसाठी एवढं कुणी करत नाही, हे विक्रेत्यालाही माहीत असतं. पण १९१५ वर केलेल्या तक्रारीचा नंबर ईमेलमध्ये टाकला की उत्तरं जरा लवकर येतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्या बाबतीत तेही झालं नाही, कारण राजमाचीची लाल माती मॅटला आधीच लागली होती. ती मॅट अजून घरी आहे, दिवाणाखाली पसरून ठेवलेली. गणपतीत पाहुणे आले की भाचा तिच्यावर झोपतो. तो चौथीत आहे, त्याला पुरते.